आवाहन : ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या मनासाठीही

सप्रेम नमस्कार.

खारघरला ॲक्ट्रेकमध्ये (टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं केंद्र) बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) येणाऱ्या कुटुंबांना आपलं मंडळ नऊ वर्षं डबा देतंय, हे कुणाला नव्याने सांगायला नको. सुरुवात केली ती बी-विंगमधल्या दोघी निवृत्त बाईंनी, स्वतःच्या पेन्शनमधून. कोशिंबीर नाही, कच्ची चटणी नाही, सगळं ताजं आणि नीट शिजलेलं, हा त्यांनी घालून दिलेला नियम आजही मोडलेला नाही. गिरणीवाल्या काकांनी दळणाचा एक पैसा कधी घेतला नाही. लॉकडाउनमध्ये आपल्या रिक्षावाल्या दादांनी पास काढून डबे पोहोचवले. प्लेटलेट्स हव्यात म्हटलं की कॉलेजची मुलं क्लास सोडून धावली. या सगळ्यांचं ऋण कसं फेडणार?

पण ट्रान्सप्लांटनंतरचे शंभर दिवस सरतात, पेशंट घरी जातो, आणि सगळे म्हणतात, "सुटलास बाबा!" त्याचा मात्र सीबीसीच्या (रक्तपेशींची तपासणी) आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. स्टेरॉइडने चेहरा सुजलेला, बाळपणीच्या लसी पुन्हा घ्यायच्या, लेकराला सर्दी झाली की जवळ घ्यायचीही भीती. मज्जा घ्यायला सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून बहिणीचं जुळलं तेव्हा घरात पेढे वाटले जातात. पुढे जीव्हीएचडी उठला, म्हणजे दात्याच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटल्या, की तीच बहीण स्वतःला दोष देत बसते. तिला कोण विचारतं?

देशातलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली टाटामध्ये, आपल्या मुंबईतच झालं. याचा अभिमान आपण सांगतो, मग पुढची सोबतही आपणच करायला हवी.

गेल्या दिवाळीत या सोबतीसाठी घरोघर पत्रकं वाटली. तीन घरांतून उत्तर आलं. "डब्याला देऊ, नुसत्या बोलण्याला पैसे कशाला?" हेही ऐकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी मन मोकळं करायला दर महिन्याची रविवारची बैठक आम्ही सुरू केलीच. सोलापूरकडचा एक तरुण तीन बैठका मास्क लावून गप्प बसून गेला. चौथ्या वेळी तासभर बोलला.

आता समुपदेशक ताई १ तारखेपासून आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहेत. वर्षाचा खर्च (मानधन, फोन, बाहेरगावच्यांचं एसटी भाडं धरून) २,४०,००० रु., जमा ६१,५०० रु. रोख वा मंडळाच्या नावे धनादेश, कार्यालयात सं. ६ ते ८, सोमवार बंद, पावती मिळेल. क्यूआर कोड सूचनाफलकावर. ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झालेले, फोनवर सोबत करू शकणारेही हवेत, कसं बोलायचं ते ताई शिकवतील. २५ तारखेच्या आत कळवा, ताईंना शब्द द्यायचा आहे.

आपली,
सचिव