आई-बाबा, प्रिंट पाठवतेय, पण आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

काकांनी तुम्हाला सांगून टाकलंच आहे की मी दादावर कादंबरी लिहिलीय. तर पहिलं म्हणजे ती दादावर नाहीये. ती एका बाईवर आहे, मुलगा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जिला काळात मागे जायला मिळतं, आणि ती बाई म्हणजे आई तूच असं सगळे नातेवाईक म्हणणार, म्हणून मीच आधी सांगते, हो, बरीचशी तूच आहेस. डब्याची झाकणं मोजून घेणारी वगैरे. हे फोनवर बोलता येत नाही कारण बाबा लगेच स्पीकर लावतात आणि दादाचं नाव निघालं की तू कुकर बघायला आत जातेस, कुकर लावलेला नसला तरी.

बाबांचा आक्षेप मला माहितीय, की एवढी शिकलेली मुलगी टाइम ट्रॅव्हलचे चाळे काय करते. बाबा, नारळीकरांच्या गोष्टी मला वाचायला तुम्हीच आणून दिल्यात, त्यामुळे निम्मा दोष तुमचा. आणि वेळ सगळीकडे सारखी चालत नाही हे काय मी मनाने ठोकलेलं नाही, मोजून झालंय ते. १९७१ मध्ये हाफेली आणि कीटिंग नावाच्या दोघांनी अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानात ठेवून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे जात आणि एकदा पश्चिमेकडे, आणि जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून बघितलं तर पूर्वेकडे गेलेली साधारण ५९ नॅनोसेकंद मागे पडली होती आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. वागळे इस्टेटमध्ये तुम्ही जन्मभर गेज कॅलिब्रेट केलेत, रीडिंगवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्हाला मी काय सांगू. जीपीएसच्या सॅटेलाइटमधली घड्याळं तर इथल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, ते सुधारून घेतलं नसतं तर एका दिवसात काही किलोमीटरचा घोळ झाला असता, म्हणजे तुमची रिक्षा नौपाड्यात खाली उभी आणि मोबाइलवर ती कळव्याच्या पलीकडे.

म्हणजे ज्याचं घड्याळ मागे पडतं त्याचं भविष्यात थोडं लवकर पोचणं फिजिक्सला मान्य आहे. भानगड आहे ती मागे जाण्याची. १९४९ मध्ये गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एक गोल गोल फिरणारं विश्व काढून दाखवलं ज्यात भूतकाळात पोचता येतं, फक्त आपलं विश्व तसं नाही, ही एक पंचाईत. हॉकिंग या शास्त्रज्ञाने तर २००९ मध्ये काळात प्रवास करणाऱ्यांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं पार्टी झाल्यावर पाठवली. कोणी आलं नाही. मला हे भारी आवडतं.

पण आई, तुला मला दुसऱ्याच माणसाचं सांगायचंय. रोनाल्ड मॅलेट म्हणून एक अमेरिकन प्रोफेसर आहेत. वडील टीव्ही दुरुस्त करायचे, १९५५ मध्ये हार्ट अटॅकने गेले, वय फक्त ३३, आणि हा मुलगा तेव्हा १० वर्षांचा. पुढे त्याच्या हाती टाइम मशीनच्या गोष्टीचं कॉमिक लागलं आणि त्याने ठरवलं की आपण मशीन करायचं, मागे जायचं आणि बाबांना गाठायचं. घरातल्या पाइपा आणि टीव्हीचे सुटे भाग जोडून पहिलं मशीन केलं, ते अर्थातच चाललं नाही, मग म्हणाला आपल्याला फिजिक्स येत नाही म्हणून चालत नाहीये, शिकायला पाहिजे. आणि शिकला, कनेक्टिकट युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाला, आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते कित्येक वर्षं सोबतच्या लोकांना कळू दिलं नाही, वेडा म्हणतील म्हणून, ब्लॅक होलवर काम करतोय असंच सांगायचा. नंतर त्याने लेसरचा प्रकाश गोल फिरवून काळ वळवायची थिअरी मांडली. बाकीच्या शास्त्रज्ञांनी त्यात चुका काढल्या, पण समजा बरोबर असती तरी मशीन ज्या दिवशी चालू होईल त्याच्या मागे जाताच येत नाही. म्हणजे १९५५ नाहीच. हे त्याला माहीत आहे, तरी त्याने काम सोडलं नाही.

तू म्हणशील याला कोणी समजावलं कसं नाही. मला उलट वाटतं, इतकं सरळ कारण घेऊन सायन्सला गेलेला माणूस विरळाच.

आता कादंबरी. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती हे तुम्हाला माहितीय का? १९०६ मध्ये अख्ख्या देशाला एक वेळ लागू झाली तरी मुंबईने पुढची कितीतरी दशकं आपली वेगळी वेळ धरून ठेवली, ३९ मिनिटं मागे. माझ्या गोष्टीत ती ३९ मिनिटं कुठे गेलेली नाहीत, ठाणे स्टेशनात नऊ-दहा नंबरच्या बाजूला पडून आहेत आणि ज्याला सापडतात त्याला ती एकदाच वापरता येतात. मशीन नाही, लेसर नाही. बाई वाशीकडे जाणाऱ्या गाडीत बसते, आणि आपण मागे आलोय हे तिला कशावरून कळतं, तर ठाणे सुटल्यावर डब्यात "पुढील स्टेशन ऐरोली" ऐकू येतं. दिघा गाव नाहीच! ते स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं ना. खारघरहून तुमच्याकडे येताना दिघ्याला गाडी थांबली तेव्हाच मला हे सुचलं आणि मी उतरेपर्यंत मोबाइलवर टाइप करत बसले.

ती कुठे जाते ते तुम्ही ओळखलंच असेल. कोपरखैरण्याला. दादाचं ऑफिस ऐरोलीत, घर ठाण्यात, तरी तो त्या संध्याकाळी उलटा कोपरखैरण्याला गेला, आणि परत येताना घणसोलीला त्याला गाडीतून उतरवावं लागलं. खिशात पासच्या प्लॅस्टिकमध्ये दुमडलेली ती पावती, कलर झेरॉक्स ४, खाली त्या दुकानदाराची हिरव्या पेनची सही, आणि झेरॉक्स एकही नाही. बॅगेत नाही, डब्यात नाही. बाबा म्हणतात पासपोर्टचे कागद होते, बाहेर जायचं ठरवत होता. आई म्हणते त्या मुलीचे कागद होते, रजिस्टर लग्नाचे. या एका पावतीवरून तुम्ही दोघं इतकी वर्षं भांडताय, आणि खरं सांगू का, त्या भांडणाचं मला कधी वाईट वाटलं नाही, दादाविषयी घरात उघड बोलणं होतं ते तेवढंच.

अशा गोष्टींत हमखास काय होतं, तर नायक मागे जातो, माणसाला वाचवतो, आणि मग जगात काहीतरी भलतंच बिघडतं. मला ते फसवं वाटतं. नोव्हिकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की मागे जाता आलं तरी झालेलं बदलता येणार नाही, तुम्ही मागे जाऊन जे काही कराल ते आधीपासूनच झालेल्यात धरलेलं असेल. मी ते धरून चाललेय. त्यामुळे माझी बाई त्याला अडवू शकत नाही. अडवायला जाते, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि तो तर तिला ओळखतही नाही कारण ती केवढी म्हातारी झालीय, तोंडाला मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा. मग ती झेरॉक्सच्या रांगेत त्याच्या मागे उभी राहते. दुकानदार दोन रुपये सुट्टे मागतो. ह्याच्याकडे नसतात.

आई, दादाचा तुला शेवटचा फोन आला होता त्यात तो म्हणाला होता ना, उशीर होईल गं, सुट्ट्यांचा वांधा झालेला, एका काकूंनी दिले. तू हे प्रत्येकाला सांगतेस, ती काकू कोण देव जाणे, तिचं भलं होवो म्हणतेस. माझ्या कादंबरीत ती काकू ही बाईच आहे. रहस्य म्हणाल तर ते हेच, आणि तिला स्वतःला ते गाडीत परत बसल्यावर कळतं. झेरॉक्स कुठे गेल्या तेही आहे, काकूंशी बोलण्याच्या नादात तो त्या काउंटरवरच विसरला, दादाला शोभेल असंच. कागद कसले होते ते मात्र इथे लिहीत नाही, नाहीतर बाबा तेवढंच पान काढून वाचतील आणि जिंकलो की हरलो ते बघून बाकीचं ठेवून देतील.

तर विचारायचं हे आहे. फोनमधलं ते वाक्य तुझं आहे आई, ते मी न विचारता घेतलेलं नको. तुला नको असेल तर काढते, खरंच काढते, पण मग शेवट दुसरा करावा लागेल आणि तो मला सुचत नाहीये, एवढंच सांगून ठेवते. बाबा, मोतीबिंदूचं बघून मोठ्या अक्षरात प्रिंट काढलीय, त्यामुळे गठ्ठा जाड झालाय, घाबरू नका. गाड्यांचं, प्लॅटफॉर्मचं काही चुकलं असेल तर पेन्सिलने खूण करा, पेनने नको, आणि समासातच लिहा. प्रकाशकांना दिवाळीनंतर हवीय, त्यामुळे घाई नाही.

काकांना मात्र तुमचं वाचून झाल्याशिवाय देऊ नका, ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकतील.

तुमची,
धाकटी