गाढवाला एकटे ठेवू नये

महोदय,

सिसिली व सार्डिनिया बेटांवर घरचे जाते फिरवणारी, जेमतेम ३६ इंच उंचीची बुटकी गाढवे १९२९ मध्ये रॉबर्ट ग्रीन यांनी अमेरिकेत नेली आणि तिथे ती कष्टापेक्षा सोबतीसाठीच पाळली जाऊ लागली. मात्र गाढवाला माणसापेक्षा जातभाईची सोबत अधिक लागते. जोडीदार गेला की ते खाणेपिणेही टाकू शकते. कन्हानकाठच्या एका वीटभट्टीवर मी पाहिले, की जोडीतले एक विकल्यावर दुसरे दोन दिवस कडब्याला तोंड न लावता रस्त्याकडे कान टवकारून उभे होते. (आणि मठ्ठपणासाठी आपण नाव घेतो ते याचेच!) हौसेने गाढव पाळू इच्छिणाऱ्या नागपूरकरांनी निदान दोन तरी पाळावीत.

– एक वाचक, नागपूर