‘गावंढळ’ नव्हे, ‘असभ्य’

महोदय,

पुळणीवर मोटारी घालणाऱ्या आणि बाटल्या फोडून जाणाऱ्या पर्यटकांना आपल्याकडे, अगदी बातम्यांतूनही, सर्रास ‘गावंढळ’ म्हटले जाते. हा शब्द ‘गाव’पासून आला आहे आणि त्यामागे ‘ग्राम्य’ व ‘नागर’ ही संस्कृतातील जुनी विभागणी आहे, जिच्यात शिष्टाचार नगराच्या वाट्याला आणि ओबडधोबडपणा गावाच्या वाट्याला गेला. दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी गूळपाणी देणाऱ्या कोकणी माणसाने हा शब्द शिवीसारखा वापरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. अशा वागण्याला ‘असभ्य’ म्हणणे अधिक नेमके आहे. ‘सभ्य’ हा शब्द ‘सभा’पासून बनतो, पाणिनीने त्यासाठी ‘सभाया यः’ (४.४.१०५) असे स्वतंत्र सूत्र दिले असून, सभेत ज्याचे असणे योग्य ठरते तो सभ्य, असा त्याचा अर्थ होतो. या कसोटीत माणूस कुठला, हे पाहिलेच जात नाही. (आणि सभा तर आमच्या गावांतही, ग्रामदेवतेच्या सभामंडपात, आजही भरते.) आपल्या वार्ताहरांनी यापुढे अशा पर्यटकांसाठी ‘असभ्य’ हाच शब्द योजावा, ही विनंती.

– एक वाचक, दापोली