किल्ली काढण्याची घाई कशाला?

चौकात वाहतूक पोलीस आणि दुचाकीस्वार यांच्यात झालेल्या बाचाबाचीची बातमी वाचली. हेल्मेट नव्हते, चूक दुचाकीस्वाराचीच होती, हे मान्य. तरीही पहिल्याच वाक्यात ‘ए, गाडी बाजूला घे’ म्हणून किल्ली काढून घेतली, की हेल्मेटचा विषय मागे पडतो आणि भांडण अपमानाचे होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवणे चालकावर बंधनकारक आहे. किल्ली हिसकावण्याचा अधिकार मात्र त्यात नाही. कागदपत्रे मोबाइलमध्ये डिजिलॉकरवर दाखवली तरी चालतात, ई-चलान गाडीच्या क्रमांकावर निघते. मग आवाज चढवून साधते काय?

गेल्या महिन्यात मी सिग्नल तोडला (घाईत होतो, ही काही सबब नव्हे). हवालदारांनी कडेला घेतले, ‘साहेब, लाल दिवा होता,’ एवढेच म्हणाले आणि यंत्रात क्रमांक टाकला. मी हुज्जत घालायला तोंड उघडले, पण समोरून चढा सूरच येईना. मुकाट्याने दंड भरला. उन्हात, धुरात आठ-आठ तास उभे राहून हा संयम राखणे सोपे नाही. म्हणूनच तो ज्याच्या-त्याच्या स्वभावावर सोडू नये. त्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि चौकातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या गणवेशावर कॅमेरा असावा. हुज्जत घालणारा वाहनचालकही त्यात दिसेलच.

– एक दुचाकीस्वार, पुणे