टॅप्सी घसरला म्हणून उजवी बाजू बिघडली असं नाही

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

मायट्रल व्हॉल्व्हच्या ऑपरेशनआधी टॅप्सी (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची हालचाल दाखवणारा आकडा) २१ मिमी, नंतरच्या एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, १३, आणि पेशंट तर वॉर्डात आरामात फिरतोय. रिपोर्टमध्ये 'आरव्ही फंक्शन कमी' (उजव्या खालच्या कप्प्याचं काम कमी) लिहायचं का, असं विचारलंस. नुसत्या टॅप्सीवरून लिहू नकोस.

टॅप्सी एकच गोष्ट मोजतो. ट्रायकस्पिड, म्हणजे उजव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या रिंगची बाहेरची कड आकुंचनात हृदयाच्या टोकाकडे किती सरकते, तेवढीच. बाहेरची भिंत आत येते ते, आउटफ्लो (रक्त बाहेर पडायचा मार्ग) आवळतो ते, यातलं काही त्या आकड्यात नसतं. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनात पेरिकार्डियम (हृदयावरचं आवरण) उघडलं की काही मिनिटांतच हे लांबीचं सरकणं कमी होतं आणि अनेकांत महिनोन्महिने पूर्ववत होत नाही. मात्र आडवं आकुंचन त्याची भरपाई करतं, त्यामुळे एकूण रक्त पुढे ढकललं जातं ते बहुतेकदा तेवढंच राहतं. एस प्राइमही लांबीचाच वेग मोजतो, म्हणून तोही पडतो. स्ट्रेन (स्नायू किती टक्के आखडतो ते) बघू म्हणशील, तर फ्री वॉलचा, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा स्ट्रेनही लांबीचाच असतो. तो याच सापळ्यात अडकतो, आणि हे बरेचजण विसरतात. अशा वेळी विश्वास ठेवायचा तो एफएसीवर (आकुंचनात कप्प्याचं क्षेत्रफळ किती टक्के घटतं ते), आणि मशीनमध्ये सोय असेल तर थ्रीडी ईएफवर (आकारमान किती टक्के घटतं ते). एफएसी ३५ टक्क्यांच्या खाली किंवा थ्रीडी ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली असेल, तरच बिघाडाचं नाव काढ.

तुझ्याच पेशंटचे आकडे घे. आधी एफएसी ४०, नंतर ३९. आधी टीआरचा (ट्रायकस्पिडच्या गळतीचा) वेग ३.४ मीटर प्रति सेकंद होता. वेगाचा वर्ग करून चारने गुणला की ४६, त्यात उजव्या कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) दाब ८ मिळवला की फुप्फुसाच्या धमनीचा दाब ५४ मिमी पारा. नंतर वेग २.५, म्हणजे २५ अधिक ३, एकूण २८. आता टॅप्सीला या दाबाने भाग. आधी ०.३९, नंतर ०.४६. टॅप्सी खाली आला तरी हृदयाच्या उजव्या बाजूची आणि फुप्फुसाच्या धमनीची जोडी सुधारली आहे. हे गुणोत्तर रिपोर्टमध्ये टाकायची सवय लाव. ०.५५ च्या खाली असेल तर पल्मनरी हायपरटेन्शनचा (फुप्फुसाच्या धमनीत दाब वाढल्याचा) संशय बळावतो, आणि ट्रायकस्पिडच्या उपचारासाठी आलेल्यांत ०.३ च्या आसपास किंवा त्याखाली असलेल्यांना पुढे जास्त त्रास होतो.

उलट बाजूची फसवणूक ऑपरेशनआधी होते. ट्रायकस्पिडची गळती खूप असेल तर आरव्हीला कमी दाबाच्या कर्णिकेत रक्त ढकलायला सोपं जातं. टॅप्सी २० दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. गळती थांबवायला झडपेला क्लिप लावली किंवा रिंग घातली की तोच आरव्ही सगळं रक्त धमनीतच पाठवणार, आणि लपलेला कमकुवतपणा उघडा पडतो. त्यात गळती फारच मोठी असेल, म्हणजे व्हेना कॉन्ट्रॅक्टा (गळतीच्या झोताची सर्वांत अरुंद जागेची रुंदी) १४ मिमी किंवा त्याहून जास्त, तर दोन्ही कप्प्यांचे दाब लवकर सारखे होतात. सीडब्ल्यू डॉप्लर (रक्ताच्या वेगाचा आलेख) दाट, त्रिकोणी, लवकर टोक गाठणारा दिसतो आणि वेग फक्त २ मीटर येतो. त्यावरून दाब काढलास तर धमनीचा दाब खोटा कमी येईल, आणि वरचं गुणोत्तर खोटं चांगलं. असा आलेख दिसला की उजव्या बाजूचं कॅथेटर करून दाब बघायला सांग.

पायाच्या धमनीतून केलेल्या टॅव्हीत (कॅथेटरने एओर्टिक झडप बसवण्यात) पेरिकार्डियम उघडत नाही, म्हणून तिथे टॅप्सी सहसा असा घसरत नाही. तिथे घसरला तर कारण शोधायचं: पेरिकार्डियममधलं पाणी, नवीन पेसमेकरची वायर, उजव्या कोरोनरीच्या तोंडाशी अडथळा. छाती उघडल्यावर पहिल्या काही तासांत एफएसीही पडला असेल, तर उजव्या कोरोनरीत हवा गेली का ते आठव. तिचं तोंड पुढच्या बाजूला असतं, आणि उताण्या पेशंटमध्ये हवा तिकडेच जाते.

मोजताना मात्र हात ढिला ठेवू नकोस. नेहमीच्या फोर चेंबरवर (चारही कप्पे दिसणाऱ्या कटवर) टॅप्सी घेऊ नकोस. प्रोब किंचित बाहेर सरकव, थोडा फिरव, एलव्हीचं (डाव्या खालच्या कप्प्याचं) टोक मधोमध राहील आणि आरव्हीचा तळ सर्वांत रुंद दिसेल असं बघ. एलव्हीचा आउटफ्लो दिसू लागला तर कट चुकला. एम-मोडची (एकाच रेषेवरची हालचाल टिपण्याच्या पद्धतीची) रेघ रिंगच्या सरकण्याच्या दिशेलाच समांतर हवी. ती ३० अंशांनी तिरकी पडली तर खरा २० मिमीचा टॅप्सी १७ येतो, आणि १७ ही सीमारेषाच आहे. स्वीप (आलेख सरकण्याचा वेग) १०० मिमी प्रति सेकंद ठेव, श्वास सोडल्यावर थांबवून घे. एस प्राइम घेताना आकुंचनाच्या सुरुवातीचा छोटा टोकदार काटा धरू नकोस. त्यानंतरचा रुंद घुमट धर. त्याची खालची मर्यादा ९.५ सेंटिमीटर प्रति सेकंद. एफएसीसाठी सीमा आखताना ट्रॅबेक्युली आणि मॉडरेटर बँड (आतले स्नायूंचे पट्टे) पोकळीतच धर. डायस्टोलला (कप्पा भरलेला असताना) क्षेत्रफळ २४ सेमी², सिस्टोलला (आकुंचनात) १४, तर एफएसी ४२ टक्के. सीमा भिंतीच्या आत आत काढत गेलीस तर हाच आकडा फुगतो.

एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोके) असेल तर निदान ५ ठोक्यांची सरासरी. आयव्हीसी (खालून हृदयाकडे येणारी महाशीर) २१ मिमीपर्यंत असून हुंगल्यावर अर्ध्याहून जास्त मिटली तर उजव्या कर्णिकेचा दाब ३, त्याहून मोठी असून अर्धीही मिटली नाही तर १५, मधल्यांना ८. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर आयव्हीसीचा हा हिशेब लावू नकोस, सेंट्रल लाइनचा दाब विचार.

डाव्या बाजूच्या ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाच्या आधीच्या एकोत ट्रायकस्पिड रिंगचा व्यास लिही, फोर चेंबरमध्ये, डायस्टोलला. ४० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर गळती कमी असली तरी सर्जनला तीही रिंग त्याच वेळी दुरुस्त करायचा विचार करावा लागतो. हा आकडा नंतर मोजून काही उपयोग नाही.

आणि शेजारी रक्तदाब, हृदयाची लय आणि शेवटची फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) कधी दिली तेही टाक. नंतरचा एको करणारा आपला आकडा तुझ्या आकड्याशी ताडून बघणार, आणि तुझा आकडा कोणत्या स्थितीतला होता ते यातूनच कळतं.

तुझी,
आई