वॉरंटीचा दावा जॉब कार्डावरच हरतो

संपादक महोदय,

नवी मोटारसायकल ऑइल खाते, तापली की बंद पडते, म्हणून ग्राहक तीन-तीनदा सर्व्हिस सेंटरला जातो आणि जॉब कार्डावर (तक्रार व केलेले काम नोंदवणाऱ्या कागदावर) दरवेळी 'जनरल चेकअप' एवढेच लिहिलेले असते. पुढे ग्राहक आयोगासमोर दोष वॉरंटीतला होता हे दाखवणारा कागदच हाती नसतो. सही करण्याआधी कार्ड वाचावे. 'पिकअप नाही' असे मोघम नको. 'वीस मिनिटे चालल्यावर चौथ्या गिअरमध्ये चढावर झटके' असे लिहून घ्यावे. किलोमीटरचा आकडा आणि गाडी दिल्या-घेतल्याच्या तारखा हव्यातच.

ऑइलची घट तोंडी सांगून कोणी मानत नाही. गाडी सरळ उभी करून (साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते) सेंटरमध्येच वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून घ्यावे, ड्रेन बोल्टवर (ऑइल काढायच्या बोल्टवर) रंगाची खूण करावी, म्हणजे तो मध्ये उघडला का ते कळते, आणि ठरलेले अंतर चालवून किती मिलिलिटर घटले ते कार्डावर नोंदवून घ्यावे.

चुकलेली सर्व्हिसिंग आणि जादा हॉर्न-दिव्यांसाठी कापलेले वायरिंग ही दावा नाकारण्याची हुकमी कारणे. क्लच प्लेट, ब्रेक शू सहसा वॉरंटीत नसतात. टायर-बॅटरीचा दावा बहुधा त्यांच्या उत्पादकाकडे जातो.

'गाडीच बदलून द्या' हा हट्ट मात्र अंगाशी येतो. बिघडलेला भाग बदलून काम भागत असेल तर अख्खे वाहन बदलण्याचा आदेश योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका मारुती गाडीच्या प्रकरणात म्हटले. म्हणून दुरुस्ती, ती न जमल्यास बदली किंवा व्याजासह परतावा, शिवाय नुकसानभरपाई, अशा पर्यायी मागण्या कराव्यात. चाचणीविना दोष ठरत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज द्यावा. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करावे, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तक्रार राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर नोंद करावी, पण तिथल्या उत्तराची वाट पाहत बसू नये. तक्रार दाखल करण्याची कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत तेवढ्याने थांबत नाही.

– एक वाचक, नाशिक