वाटी परत आणतोय, काकू

काकू, सादर नमस्कार.

तुमची ती स्टीलची वाटी अजून आमच्याकडेच आहे. बुडाशी तुमच्या सासूबाईंचं नाव कोरलेली. गेल्या दिवाळीआधी तुम्ही सामान बांधून लेकीकडे सोलापूरला गेलात, टेम्पो गल्लीतून वळला, आणि रात्री भांडी लावताना ती माझ्या हाताला लागली. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "असू दे की तिथंच." तेव्हापासून ती रोज वापरात आहे. पण परत द्यायची आहे, आणि वाटी रिकामी परत करत नाहीत हे मला तुमच्यामुळेच नीट कळलं. वाटीच्या आधी हे पत्र पाठवतोय. चारचौघांत वाचलं जावं असं मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही कुणालाही सांगणार नाही आणि मला सांगितल्यावाचून राहवत नाही. नात वाचून दाखवील तेव्हा मधेच "पुरे गं" म्हणू नका.

25 मार्च 2020 ला सगळं बंद झालं. जूनमध्ये आमचं वर्कशॉप उघडलं तेव्हा परत बोलावलेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. चौदा वर्षं लेथवर काढलेली. आमची ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, तिला एक दिवस घरी राहायची सोय नव्हती. म्हणजे पगार एक, त्यातला निम्मा भाड्यात आणि हप्त्यात. सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं घरात, आणि चूल माझ्याकडे. स्वयंपाक मला अगदीच येत नव्हता असं नाही. चिपळूणकडच्या घरात वाढलोय, भात लावणं, पिठी करणं येत होतं. पण रोजचा, चार माणसांचा, पैसे मोजून करायचा स्वयंपाक ही वेगळी गोष्ट आहे. सकाळी आठला चहा-बिस्किटं दिली की दहाला मुलं पुन्हा दारात उभी. बिस्किटांचा पुडा संपायचा, भूक नाही. आणि रात्री अंदाज चुकून चार पोळ्या, पातेलंभर भात उरायचा, तो सकाळी ओल्या कचऱ्यात.

ती बादली तुम्ही पाहिलीत. जिन्यात समोरासमोर आलो होतो. तुम्ही बादलीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि तब्येत विचारून वर गेलात. त्या वेळी तुम्ही काही बोलला असतात तर मी दार लावून घेतलं असतं. त्या दिवसांत कुणी साधं "कसं चाललंय" विचारलं तरी मला ते लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी आली. शिळ्या भाकरीचे कुटके, वर शेंगदाणे, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. धाकट्याने त्याला "भाकरीचे पोहे" नाव दिलं, आजही आमच्याकडे तेच नाव चालतं. आता वाटी परत कशी करायची? घरात होतं काय, तर मऊ भात. मग आईच्या पद्धतीने आटवल केलं: जास्त पाण्यात गुरगुट शिजवलेला भात, मीठ, वर तुपाचा थेंब आणि मेतकूट. संकोचत दिलं. तासाभराने तुम्ही स्वतः खाली आलात आणि म्हणालात, "हे कसं केलंस, सांग मला."

काकू, तीन महिन्यांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला काही येतं, ते कुणाला शिकावंसं वाटतं, असं त्या दारात उभ्या उभ्या पहिल्यांदा वाटलं. तुम्ही ओट्याशी बसून आटवलाचं पाण्याचं प्रमाण विचारलंत, मेतकुटात काय काय असतं ते विचारलंत, आणि जाताना म्हणालात, "उद्या कुटके शिकवते, भाकरी उरव." अशी ती वाटी वर्षभर जिना चढत-उतरत राहिली. तुम्ही मला देणं लागू दिलं नाहीत. प्रत्येक वेळी मी तुम्हाला काहीतरी परत देऊ शकेन एवढी जागा ठेवलीत. पैसे दिले असतेत तर मी घेतले नसते. डबा दिला असतात तर घेतला असता आणि रात्री झोपलो नसतो.

कुटक्यांचा पहिला धडा मला शब्दाशब्दाने आठवतो. भाकरी हाताने कुस्करायची, मिक्सरला लावायची नाही, मिक्सरने भुगा होतो आणि मग गोळा. कांदा भरपूर, तेल कांद्यापुरतंच. परतून झालं की पाण्याऐवजी ताकाचा हबका, आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ. पोळीचंही तसंच. आमच्याकडे फोडणीची पोळी व्हायची, पण कोरडी, घशात अडकणारी. त्या ताकाच्या हबक्याने ती मऊ होते हे मला चाळिशीत कळलं.

मग नाश्ता. तुमचा एकच प्रश्न असायचा, "दुपारपर्यंत धरंल का पोट?" चुरमुऱ्यांचा सुशीला तुम्हाला आवडायचा, पण तो चार वाजता. सकाळी नाही. सकाळी कण्या. ज्वारी जाडसर भरडून आणायची, पाखडून पीठ वेगळं काढायचं, ते भाकरीला. कण्या रात्री ताकात भिजत घालायच्या आणि सकाळी वाटीला पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवायच्या. वर लसूण-जिऱ्याची फोडणी. पहिल्या दिवशी थोरली नाक मुरडून बसली. तुम्ही तिला आग्रह केला नाहीत, नुसती शेंगाची चटणी पुढे सरकवलीत. आठवड्याभरात ती स्वतःहून मागायला लागली, आणि दहाची भूक एकला गेली. मुलांच्या दुधात घालायची ती महागडी पावडर मी त्याच महिन्यात बंद केली.

आणि हुलगे! तुम्ही माडगं पाठवलंत, गूळ-सुंठ घातलेलं, आणि पहिल्या घोटाला मी ओळखलं, हे तर आमचे कुळीथ. तुमच्याकडे हुलगे, आमच्याकडे कुळीथ, दाणा एकच. तुम्ही त्याचं पीठ गोड करून पिता, आम्ही लसणाची फोडणी आणि कोकम घालून पिठी करतो आणि भातावर घेतो. तुम्हाला पिठी दिली तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "म्हणजे आपण सोयरेच की." घरी हिने सांगितलं की 100 ग्रॅम कुळथात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. मी म्हटलं, काकूंना आकडा नको, त्यांना पोट धरतं एवढं पुरे. पण तुम्हाला आकडा सांगितला तेव्हा तुम्ही दोनदा विचारून घेतलात आणि लेकीला फोन करून कळवलात.

भाकरीवर तर तुम्ही माझ्यामागे महिनाभर खपलात. दर वेळी कडेने चिरायची. मला वाटायचं माझा हात वाईट. तुम्ही पीठ चिमटीत घेऊन पाहिलंत आणि म्हणालात, "हात बरा आहे, पिठाची विरी गेली." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. दुकानातलं जुनं पीठ होतं. ज्वारी आणून, निवडून, गिरणीवर दोन-दोन किलोच दळायची, हे तेव्हापासून. आणि पीठ थोडं जुनं झालंच तर उकळत्या पाण्यात मळायचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, गरम पाण्याने तो आणावा लागतो.

उरलेल्या अन्नाचं तुमचं गणित रात्रीच सुरू व्हायचं, सकाळी नाही. माझी खरी चूक तिथेच होती. मी सकाळी उठून उरलेल्याकडे बघत बसायचो. तुम्ही रात्री भांडी आवरतानाच ठरवायचात. आमटी उरली? त्यात मावेल तेवढं ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ, पाण्याचा थेंब नाही, सकाळी धपाटे. मीठ घालण्याआधी चाखायचं, आमटीत ते असतंच. कोथिंबिरीच्या काड्या त्यातच बारीक चिरून. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर खरपूस भाजून चटणी. कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात. तूप कढवल्यावर खाली राहणारी बेरी साखर घालून पोळीला, आणि तिच्यावरून मुलांची भांडणं तर तुम्ही वर ऐकलीच असतील.

पण सगळंच वाचवायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत, आणि माझ्या मते हा भाग बाहेर फारसा कुणी सांगत नाही. आमटीला तार सुटली की ती टाकायची, उकळून बघायची नाही. बुरशीचा ठिपका दिसला की अख्खी भाकरी गेली, ठिपका खुडून उरलेली खायची नाही. सुरकुतलेला, कडू शेंगदाणा चटणीत जाता कामा नये. आणि भात. भात उरला की लगेच परातीत पसरून निववायचा, आणि निवला की झाकून फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. हा तुमचा नियम मी हिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, काकूंचं अगदी बरोबर आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शेंगदाण्याच्या बुरशीबद्दलही तिने असंच सांगितलं. तुम्ही हे कुठे शिकलात असं मी विचारलं, तर म्हणालात, "आई एकदा मरता मरता वाचली होती."

त्या दिवशी तुम्ही बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोललात. एकदाच. तुम्ही नऊ वर्षांच्या, आईबरोबर दुष्काळी कामावर, पाझर तलावाची माती वाहायला. तिथे मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ. रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, त्याची भाकरी थापली जायची नाही आणि गिळलीही जायची नाही. जे मिळेल ते खाल्लं जायचं, नासलेलंही, आणि त्यातूनच आई आजारी पडली. अन्न टाकायचं नाही आणि वाईट अन्न खायचं नाही, ही दोन्ही तुमच्या घरात एकाच वर्षी शिरली. मी काही बोललो नाही. तुम्ही उठून कुकरचं झाकण लावलंत, खाली डाळ, वर भात, सगळ्यांत वर बटाटे, आणि म्हणालात, "एका गॅसवर तीन कामं, बघ." आमचा 14.2 किलोचा सिलिंडर आधी महिन्याला संपायचा. त्या हिवाळ्यात तो एकेचाळीस दिवस गेला. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती, तुम्हाला दाखवलीही होती.

2021 च्या ऑगस्टमध्ये मला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. पहिल्या पगाराला मी तुमच्यासाठी साडी घ्यायचं म्हणत होतो. तुम्ही साडी नको म्हणालात, एक पायली मालदांडी ज्वारी मागितलीत, आणि त्यातली निम्मी दळून आमच्याकडेच परत पाठवलीत. तेव्हा मला राग आला होता, काकू. आज सांगतो. मला वाटलं, एकदा तरी नुसतं घ्या. नंतर ही म्हणाली, त्यांनी घेतलं की, निम्मी घेतली. मग शांत झालो.

सकाळचा नाश्ता अजून माझ्याकडेच आहे. पहिल्या पाळीला जायच्या आधी साडेपाचला उठतो. थोरली आता भाकरी थापते, तिची माझ्यापेक्षा गोल होते. धाकटा रात्री जेवण झालं की पातेल्यात डोकावून विचारतो, "उद्या याचं काय?" तुमचाच प्रश्न, तुमच्याच सुरात. परवा वरच्या मजल्यावर, तुमच्या खोलीत, नवं जोडपं राहायला आलं. मुलगा दिवसभर घरीच दिसतो. मी काही विचारलं नाही. काल सकाळी एक वाटी पाठवली, कुटक्यांची. तुमची नव्हे, आमची. तुमची मी कुणाला देणार नाही.

येत्या रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूरला येतोय. मुलंही आहेत बरोबर. वाटीत दोडक्याच्या शिरांची चटणी आहे, तीळ जरा जास्तच पडलेत. शिवाय चिपळूणहून आणलेलं दोन किलो कुळथाचं पीठ आहे, ते आईने तुमच्यासाठी म्हणून स्वतः भाजून दळून दिलंय. माडगं तुम्ही करा, पिठी मी करतो. स्टेशनवर कुणाला पाठवू नका, पत्ता नातीकडून घेतलाय.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा